तुम्हाला नावं ठेवणाऱ्यांसाठीही हे पत्र

श्री. अ‍ॅलिस कूपर यांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम मराठीत आणि जाहीर लिहितेय, कारण तुमच्यासारख्या रॉक गायकाच्या नावानं बोटं मोडणारे आमचे नातेवाईक मराठी वाचतात. मुलाला तुमच्या फिनिक्समधल्या संगीत शिकवणाऱ्या केंद्रात पाठवते म्हटल्यावर फोनवर फोन आले. गळ्यात साप घालणारा तो? स्टेजवर गिलोटिनखाली मान देणारा? कोंबडीचं मुंडकं चावणारा? कोंबडीची गोष्ट तर साफ खोटी. १९६९ साली टोरंटोत स्टेजवर आलेली कोंबडी उडेल असं वाटून तुम्ही ती गर्दीकडे भिरकावली; फाडली ती गर्दीनं. अफवा मात्र अजून जिवंत आहे.

माझा लेक बोलताना अडखळतो. आधीच्या ड्रमच्या क्लासात त्याला सगळ्यांसमोर नाव सांगायला लावलं. पोरं हसली, शिकवणारेही हसले. फी मात्र वेळेवर घेतली. त्यानंतर त्यानं ड्रमला हात लावला नाही.

तुमच्या केंद्रातल्या सरांनी त्याला काहीच विचारलं नाही. बसायचं स्टूल त्याच्या गुडघ्यांना जुळेपर्यंत फिरवलं, टोकं झिजलेल्या स्वतःच्या स्टिक्स समोरच्या स्नेअर ड्रमवर आडव्या ठेवल्या आणि त्याच्याकडे पाठ करून वायरी गुंडाळत बसले. बराच वेळ. पहिला ठोका पडला तरी वळले नाहीत. दुसऱ्यालाही नाही. मी दारात उभी राहून रडत होते. माझ्या मुलाकडे सगळे टक लावून बघतात हो. न बघण्याची माया पहिल्यांदा कुणी दाखवली.

१९७२ मध्ये तुमच्या 'स्कूल्स आउट' या गाण्यामुळे मुलं बिघडतील म्हणून ब्रिटनमध्ये मेरी व्हाइटहाउस या संस्कृतिरक्षक बाईंनी मोहीम उघडली होती. आणि तुम्ही काय केलंत? दारूनं मरायला टेकला होतात, १९८३ मध्ये ती सोडलीत. १९९५ मध्ये सॉलिड रॉक संस्था काढलीत, २०१२ मध्ये हे केंद्र. किशोरवयीन मुलांना तिथं फुकट शिकवतात, गिटार, ड्रम, नाच, सगळं. सज्जनपणा स्टेजवर तुमच्यासारखं चेहऱ्याला काळं फासूनही करता येतो आणि चारचौघांत मिरवणाऱ्यांना तो साधत नाही, हे मी दोन्हीकडे बघितलं.

आता लेक तिथल्या बँडमध्ये वाजवतो. नाव विचारलं तर अडखळतो, पण स्वतः सांगतो. तुमचे आणि त्या सरांचे मनापासून आभार.

एका ड्रमरची आई,
अ‍ॅरिझोना