परळच्या ओपीडीतल्या काउन्सेलर मॅडमना मनापासून थँक्यू

मॅडम, तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण हे सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

दिवस राहत नव्हते म्हणून एका ठिकाणी कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी केली, रिपोर्ट आला ४६, एक्सवाय, एरवी पुरुषांत असतात तशी गुणसूत्रं, आणि तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच नवऱ्याला सांगितलं की मूल विसरा. पाळी येते हो माझी, असं मी सांगत राहिले, कोण ऐकतंय!

तुम्ही पहिला प्रश्न पाळीचाच विचारलात. मग म्हणालात रक्तात दिसलं तेच सगळ्या शरीरात असेल असं नाही, त्वचेचा छोटासा तुकडा तपासायला पाठवलात, त्यात एक्सएक्स, म्हणजे एरवी बायकांत असतात तशा पेशी निघाल्या. आईबाबांनाही लालबागहून बोलावून घेतलंत. डीएनए रिपोर्टवर पेन्सिलीने गोल करून दाखवलंत, एरवी एका जागी दोनच खुणा असतात, एक आईची एक बाबांची, माझ्यात काही जागी तीन, म्हणजे दोन वेगळे गर्भ अगदी सुरुवातीलाच एकत्र झाले आणि त्यातून मी झाले. कायमेरिझम. आईला वाटलं गरोदरपणात तिचंच काही चुकलं, रडायलाच लागली, तर तुम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढलीत आणि सांगितलंत की हे कुणाच्या खाण्यापिण्याने होत नाही, असं माणसात होतं हे १९६२ सालीच अमेरिकेत एका मुलीच्या तपासणीत दिसलंय. त्या रात्री आई पोटभर जेवली.

आणि मुलाबद्दल तुम्ही ना खोटी आशा लावलीत, ना दार बंद केलंत. रिपोर्टवर एक्सवाय आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, गर्भाशय आहे का, बीजांडं तयार होतायत का ते बघायचं. माझ्यासारख्यांमध्ये अंडाशय आणि वृषण दोन्हींचा भाग असू शकतो, त्यातला अंडाशयाचा भाग बरेचदा काम करतो, बाळंतपणंही झालीयत, वृषणाच्या भागात शुक्राणू तयार होणं मात्र फार क्वचित. वाय असला की त्या ग्रंथीत गाठीचा धोका असतो, म्हणून वृषणाचा भाग काढायचा आणि अंडाशय राखायचं, हे सर्जनना तुम्ही स्वतः फोन करून बोललात. ह्याबद्दल तर कितीही थँक्यू म्हटलं तरी कमीच, कारण आधीच्या ठिकाणी सगळंच काढून टाकायला निघाले होते!

परवा सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे बीजांड वाढतं ती पिशवी, दिसलं. पुढचं काय ते होईल तेव्हा कळवेनच. आईने तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय, मुरलं की सोमवारच्या ओपीडीला घेऊन येते, नाही म्हणू नका.