गाडीत बसल्यावर वाच

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मामा म्हणाला, पिंपळगावच्या मार्केटातून गाडी दिवेलागणीला भरून निघेल. म्हणजे हे पत्र उघडशील तेव्हा राहूडचा घाट मागे पडलेला असेल. समोरासमोर सांगायला गेले असते, तर "हो आई, कळलं" म्हणून तू विषय मिटवला असतास. म्हणून लिहून देते आहे.

तुला कांद्याच्या गाडीवर गुवाहाटीला पाठवायचं हे घरात कुणाला पटलं नव्हतं. आजी म्हणाली, बारावी झालेल्या पोराने क्लीनरकी करायची का? बाबांना वाटत होतं, सुट्टीत टॅलीचा क्लास लावावा. मी मात्र मामाने विषय काढला त्याच रात्री हो म्हटलं. मी ट्रकवाल्याची मुलगी आहे. तुझे आजोबा याच रस्त्याने कलकत्त्याला जायचे. तेव्हा सगळे त्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचे, आता त्याचा नंबर ५३ झालाय. आजोबा परत आले की आम्हा भावंडांना गावं पाठ व्हायची: धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, रायपूर, संबळपूर. तेच ऐकत मामा ड्रायव्हर झाला. मला मुलगी म्हणून कुणी गाडीत बसवलं नाही. तू बसलायस, याचा मला किती आनंद झालाय ते तुला सांगून कळणार नाही.

आपल्या घरात पहिला मान ताईच्या दुखण्याला आहे. थॅलेसेमिया मेजर म्हटलं की दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्या रक्तातून अंगात लोह साठतं म्हणून रोज गोळ्या, मग ते लोह किती साठलंय हे बघायला फेरिटिनचे रिपोर्ट. ते टळणारं नाही आणि त्यात मी कधी कसूर करणार नाही. पण त्या धावपळीच्या कडेला एक मुलगा वाढत होता, आणि तो इतका शहाण्यासारखा वाढला की त्याच्याकडे बघायची कुणाला गरजच वाटली नाही. पाहुणे येतात, ताईचं विचारतात, औषधांच्या खर्चाचं विचारतात, आणि निघताना चपला घालता घालता तुझ्याकडे बघून म्हणतात, "याचं काय, हा हुशार आहे." तेवढंच तुझ्या वाट्याला.

तू आठ वर्षांचा होतास तेव्हा बोन मॅरो जुळतो का हे बघायला तुझं रक्त घेतलं होतं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. तुला कुणीच काही सांगितलं नव्हतं. रिपोर्ट आला, जुळलं नव्हतं. बाबा आणि मी बाकावर गप्प बसून होतो. तू माझ्या पदराशी येऊन हळूच विचारलंस, "मी नापास झालो?" मी तुला जवळ घेतलं, तेवढ्यात आतून ताईच्या नावाचा पुकारा झाला आणि मला उठावं लागलं. त्याचं उत्तर तुला आज देते. नाही बाळा. ती परीक्षाच नव्हती. पेशी जुळणं न जुळणं यात कुणाचा अभ्यास कमी पडत नाही. आम्हाला तू हवा होतास म्हणून तू झालास, ताईचं औषध म्हणून नाही.

आणि परवा अठरा पूर्ण झाल्या झाल्या तू रक्तपेढीत जाऊन आलास, ताईसाठी रक्त देतो म्हणालास. इतक्या जवळच्या नात्यातलं रक्त तिला चढवत नाहीत, हे कळल्यावर तोंड पाडून घरी आलास. रक्तदान खुशाल कर, दुसऱ्या कुणाच्या लेकराला लागेल. पण घरात कशाला तरी उपयोगी पडलो तरच आपली जागा पक्की, हा हिशेब डोक्यातून काढून टाक.

नववीत तू वर्षभर एक नंबर लहान बूट घातलेस. अंगठ्याचं नख काळं पडलेलं वास्तुशांतीच्या दिवशी मामाला दिसलं, तेव्हा म्हणालास, "चालतंय की." जेवायला काय करू, काहीही चालेल. दिवाळीला शर्ट कुठला, कुठलाही चालेल. सहलीचे पैसे या महिन्यात जमणार नाहीत, चालेल. गाडीवर असं वागलास तर उपाशी राहशील. ड्रायव्हरची नजर समोर असते. शेजारच्याला भूक लागली, लघवीला लागली, झोप अनावर झाली, हे त्याला बोलल्याशिवाय कळत नाही, आणि बोललेलं त्याला आवडतं, कारण गप्प माणसाशेजारी बसून रात्रीची गाडी हाकणं अवघड जातं. तेव्हा या प्रवासात माग. खिडकी माग, चहा माग, दोन घास जास्त माग. ढाब्यावर खाट मोकळी नसेल तर मालकाला विचार. एखादं ठिकाण आवडलं तर "मामा, दहा मिनिटं थांबू या" म्हण. तो नाही म्हणाला तर नाही म्हणाला. विचारल्याने काही कमी होत नाही.

काम मात्र सगळं शिकून घे. मामा निघण्याआधी टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकून बघतो. हवा भरलेली असेल तर आवाज टणक येतो, कमी असेल तर बद्द. जोडचाकातला आतला टायर बसला तर वरून बघून समजत नाही, कारण बाहेरचा त्याचंही ओझं उचलून उभा असतो. नुसतं बघून दोन्ही ठीक वाटतात, आणि मग भर उन्हात तो बाहेरचाच तापून फुटतो. आवाज ओळखायला शीक.

कांद्याला वारा लागतो. ताडपत्री पुरती आवळली तर आत घाम सुटतो आणि गोण्या काळ्या पडतात. बाजूने मोकळं ठेवायचं आणि आभाळाकडे लक्ष ठेवायचं. विदर्भात ती भीती कमी, तिथे उन्हानेच जीव नकोसा होईल. अकोला-अमरावतीचा पट्टा आजोबांच्या तोंडी नुसता खड्ड्यांसाठी यायचा. त्याच पट्ट्यात २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग केलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आजोबा असते तर त्यांनी मुद्दाम उतरून तो रस्ता पायाने चाचपून बघितला असता.

संबळपूरच्या पुढे केओंझरच्या बाजूला लोखंडाच्या खनिजाच्या गाड्यांची रांग लागते. लाल धूळ नाकातोंडात जाते, तेव्हा मोठा रुमाल जवळ ठेव. कोलकात्यात तुम्ही शिरणार नाही. खरगपूरहून वर पानागढ, मोरग्राम करत फराक्क्याला निघाल. तिथे गंगेवर १९७५ साली सुरू झालेलं धरण आहे, जवळजवळ सव्वादोन किलोमीटर लांब, आणि रस्ता आणि रेल्वे दोन्ही त्याच्यावरूनच जातात. माझ्या वतीने गंगेला नमस्कार कर. बंगालपासून पुढे दुपारनंतर कालबैशाखी उठते. आपल्या वळवासारखंच असतं, आभाळ भरून यायला आणि कोसळायला वेळ लागत नाही. तेव्हा मामाच्या आधी तू ताडपत्रीवर हवास.

सिलिगुडीशी आपला देश अगदी चिंचोळा होतो. एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला बांगलादेश, मधे जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. ईशान्येकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथूनच जाते. नकाशात तू त्या जागेवर बोट ठेवून किती वेळ बसायचास ते मी स्वयंपाकघरातून बघितलेलं आहे. आसामात सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो. चहाच्या मळ्यांत तर घड्याळच एक तास पुढे लावलेलं असतं, त्याला ते बागान टाइम म्हणतात. म्हणजे लवकर उठावं लागेल.

गुवाहाटीत शिरताना सराईघाटचा पूल लागेल, ब्रह्मपुत्रेवर बांधलेला पहिला पूल. तिथे मामाला नक्की गाडी हळू घ्यायला सांग. १६७१ साली याच पाण्यावर आसामच्या अहोम राज्याचा सेनापती लाचित बोरफुकन याने मोगलांचं आरमार हरवलं. त्या मोगल फौजेचा सरदार कोण होता माहीत आहे? रामसिंग. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा. १६६६ साली आग्र्याला महाराजांसाठी जो जामीन राहिला होता, तोच. महाराज निसटल्यावर औरंगजेबाची मर्जी त्याच्यावरून उतरली आणि पुढे त्याची रवानगी थेट आसामच्या मोहिमेवर झाली. हे मला तुझ्याच वहीतून कळलं. तू शाळेत असताना आग्र्यावर लिहिलेला निबंध मी जपून ठेवलाय. तू एकदाच म्हणाला होतास, रायगड बघायचाय. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, पण माझ्या लक्षात आहे.

तुम्ही पोचाल तेव्हा तिथे बिहूचे, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाचे दिवस असतील. मंडी बंद असली तर माल उतरायला वेळ लागेल. गाडीशी बसून राहू नकोस, गावात जा, ढोल ऐक, कुणी पिठा, म्हणजे तिथला तांदळाच्या पिठाचा खाऊ, दिला तर खा.

बॅगेच्या आतल्या कप्प्यात पाकीट आहे, ते पैसे तुझे आहेत. ताईला गमोसा, म्हणजे तिकडचा विणलेला पंचा, आणशीलच, मला माहीत आहे, पण आधी स्वतःसाठी काहीतरी घे आणि काय घेतलंस ते फोनवर सांग. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मालवाहू गाडीच्या लायसन्सला २० वर्षं पूर्ण लागतात, आणि तोवर तुला काय व्हायचंय हे तुलाच ठरवायचंय. मामासारखं ड्रायव्हर व्हावंसं वाटलं तर तेही मोकळेपणी सांग. आजीला मी बघून घेईन.

शनिवारी ताईला रक्त चढवायला न्यायचंय. आत्या सोबत येणार आहे, रिक्षाही सांगून ठेवली आहे. तारीख लक्षात ठेवून तिकडून चौकशीचा फोन करू नकोस. ताईनेच हे तुला लिहायला सांगितलंय. परतीचं भाडं मिळायला चार दिवस जास्त लागले तरी मामाच्या मागे घाईची भुणभुण लावू नकोस. परत आलास की पाऊस सुरू व्हायच्या आत आपण दोघं रायगडला जाऊ. तारीख तू काढ, मी आत्याला ताईजवळ राहायला आत्ताच सांगून ठेवलंय.

तुझी,
आई