हा टन नेमका कुठला?

महोदय,

जहाजांच्या बातम्यांत ‘अमुक हजार टन वजनाचे जहाज’ असे सर्रास छापले जाते. आकडा बहुधा बरोबर असतो, घोळ ‘वजनाचे’ या शब्दात असतो. प्रवासी जहाजांसाठी सहसा ‘ग्रॉस टनेज’ देतात आणि ते माप जहाजातल्या बंदिस्त जागेचे असते. जुन्या पद्धतीत १०० घनफूट जागा म्हणजे एक रजिस्टर टन. १९६९ साली झालेल्या आणि १९८२ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हा आकडा घनफळावरून सूत्राने काढतात. त्यापुढे ‘टन’ लिहायचेच नसते. ‘टायटॅनिक’ची नोंद ४६,३२८ रजिस्टर टनांची होती, पण तिचे विस्थापन, म्हणजे खरे वजन, ५२ हजार टनांच्या वर होते. मालवाहू आणि तेलवाहू जहाजांचे ‘डेडवेट’ सांगतात. तेही वजनच, पण जहाजाचे नव्हे. माल, इंधन, पाणी, माणसे असे सगळे मिळून जहाज जेवढा भार वाहू शकते त्याचे. युद्धनौकांना विस्थापन लावतात. तेव्हा मूळ इंग्रजी मजकुरात टनाच्या मागेपुढे कोणता शब्द आहे, हे पाहूनच भाषांतर करावे.

वजनाचे टनही तीन आहेत. मेट्रिक टन १००० किलोचा, जुना ब्रिटिश टन २२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १०१६ किलोचा. या दोहोंतला फरक बातमीत खपून जातो. अमेरिकी टन मात्र २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचाच. तो मेट्रिक समजून किलोत मांडला, की आकडा दहा टक्क्यांनी फुगतो.

एसीचा टन याच अमेरिकी टनावरून आला. एवढा बर्फ २४ तासांत वितळायला जी उष्णता लागते, ती खोलीबाहेर काढण्याचा तो वेग आहे : तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक), म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. काही जण हाच आकडा विजेचा खप समजून वायरिंगचा हिशेब करतात. प्रत्यक्षात खप साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो.

क्रिकेटमधल्या शंभर धावांच्या ‘टन’बद्दल काही तक्रार नाही, तिथे कुणी वजन काढत नाही. पण ‘१५ किलोटन वजनाचा अणुबॉम्ब’ हे थांबायला हवे. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचे वजन साडेचार टनांच्या आतच होते. १५ किलोटन हा त्याच्या स्फोटशक्तीचा अंदाज आहे, म्हणजे तेवढ्या टीएनटी या स्फोटकाच्या स्फोटातून बाहेर पडणारी ऊर्जा.

– एक वाचक