त्या ‘लाभार्थी’ नाहीत

महोदय,

त्र्यंबक रस्त्यावरच्या अतिथिगृहावर काल आपण अर्धं पान दिलंत. तिथलं सगळं काम पाच बायका करतात, आणि खोलीभाड्यातला काही पैसा त्यांच्या शिक्षणासाठी बाजूला काढला जातो. त्या घराशी माझा दोन वर्षांचा संबंध आहे, त्यामुळे आनंद व्हायला हवा होता. पण फोटोखालची ओळ वाचली आणि चहा गार झाला. ‘लाभार्थी महिलांसमवेत पुण्याचे पाहुणे.’ पाहुण्यांची नावं आहेत, आडनावं आहेत. ज्या पाच जणींनी पहाटे उठून त्यांच्यासाठी नागलीच्या भाकरी थापल्या, खुरासणीची चटणी वाटली, त्यांच्यातल्या एकीचंही नाव नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे. तिथल्या बायकांना शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरून देते, गणित शिकवते. गेल्या वर्षी पस्तिशीतली एक जण दुपारची भांडी आटोपून माझ्यासमोर बसली. नववीत शाळा सुटलेली. दुधाच्या पिशवीतून तिने शाळा सोडल्याचा दाखला काढला. घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते, मागून चिकटपट्टी लावलेली. “बाई, हा चालंल का?” दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्म द्यायला गेली, तर खिडकीतल्या माणसाने कागद नीट न बघताच परत सरकवला. नाव जुळत नाही, प्रतिज्ञापत्र आणा. ते करून नेलं, तर साहेब नाहीत, उद्या या. तीन फेऱ्या झाल्या. रोजंदारीवर असती तर दुसऱ्या फेरीनंतरच तो दाखला पुन्हा पत्र्याच्या पेटीत गेला असता. अतिथिगृहात तिचे ते तीन दिवस पगारी धरले गेले. परीक्षेची फी आणि पुस्तकं खोलीभाड्यातून बाजूला काढलेल्या पैशांतून आली. आपल्या बातमीदाराने ‘शिक्षणाला हातभार’ असं म्हणून एका ओळीत जे उरकलं, ते हे आहे. आणि तो पैसा कुणी दान दिलेला नाही. चादरी धुऊन, खोल्या झाडून, स्वयंपाक करून त्या बायकांनीच तो उभा केलाय.

शब्दावरून एवढं का चिडायचं, असं कुणी म्हणेल. त्यांना सांगते. आमच्याच घरचे पाहुणे मागच्या दिवाळीत तिथे उतरले आणि निघताना भाड्यात पाचशे रुपये कमी करा म्हणून अडून बसले. म्हणे, “समाजसेवाच आहे ना, मग एवढं भाडं कशाला?” हॉटेलात याच माणसांनी बिलाकडे बघितलंही नसतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘लाभार्थी’ छापलं की लोक असंच वागतात.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आता जो तो खोल्या बांधतोय. राज्याने २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळण्याची त्यात सोय आहे. अंजनेरी, त्र्यंबक, हरसूल भागातल्या किती बायकांपर्यंत हे पोचलं, बँकेत त्यांना कोणते कागद मागतात, याचा शोध आपल्या बातमीदाराने घ्यावा. डोंगराच्या देखाव्यावर दोन परिच्छेद गेले, तेवढ्या जागेत हे सहज बसलं असतं.

जाता जाता आणखी एक. १७ नंबरच्या फॉर्मच्या मुदतीची बातमी गेल्या वर्षी आपण आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींखाली, मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना दिलीत. ज्यांना दाखल्यासाठी माहेरच्या गावी जावं लागतं, त्यांनी दोन दिवसांत काय करायचं? त्या पाच जणींपैकी दोघींचं वर्ष त्यात गेलं.

दाखल्यावर चिकटपट्टी लावलेली ती पास झाली. गणितात ४१. पुढे तिला बारावीचा फॉर्म भरायचाय. मुदतीची बातमी या खेपेला वेळेत द्यावी, आणि पुन्हा कधी तिथला फोटो छापलात तर आधी पाचही जणींना नावं विचारावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक