झेरॉक्सवाल्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

जर्मनची बी-वन परीक्षा पास झाल्याचे पेढे घेऊन दुकानात आले, तेव्हा लग्नसराईची गर्दी होती. पेढा हातावर ठेवला आणि निघाले. बोलायचं राहूनच गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

नर्सिंग झाल्यावर जर्मनीतल्या नोकरीसाठी ती भाषा लागते. तिकडच्या एक बाई दर रविवारी माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या. त्यांच्या संध्याकाळी पाचला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या रात्री साडेआठला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिले, बाई आल्याच नाहीत. नऊला तुम्ही शटर ओढलंत, मी घरी गेले. सकाळी त्यांचा मेसेज: पाच वाजता किती वेळ थांबले होते! मला रडूच आलं.

तुम्ही एक बाद झालेली लग्नपत्रिका उलटी केलीत आणि पाठीवर गणित मांडलंत. एका रेखांशाला ४ मिनिटं. आपलं घड्याळ ८२.५ अंशांवरचं, त्यांचं १५ वरचं. मधे ६७.५ अंश, म्हणजे २७० मिनिटं, साडेचार तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून उन्हाळाभर साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. मी नेमकी त्याच दिवशी फसले होते. माझ्या फोनमध्ये तुम्ही बर्लिनचं घड्याळ लावून दिलंत.

आता कॉल साडेनऊला आला. त्या हिवाळ्यात दर रविवारी तुम्ही साडेदहापर्यंत अर्धं शटर उघडं ठेवलंत. मी एकटी नको म्हणून वहिनी सतरंजीवर पत्रिका पाकिटांत भरत बसायच्या. लाइट गेली तर इन्व्हर्टर माझ्याच कॉम्प्युटरला. याचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत.

आणि ती टिंबं! बाईंनी बागेचा फोटो पाठवला, मी 'सुंदर' लिहायला गेले. त्या शब्दातल्या 'ओ'वर दोन टिंबं असतात. ती राहिली आणि शब्द झाला 'आधीच'. मी म्हटलं, टिंबांनी एवढं काय होतं? तुम्ही समोरच्या प्रूफवर बोट ठेवलंत. 'आचाऱ्यांना' हवं तिथं 'आचार्यांना' पडलं होतं. "ताई, स्वयंपाकाला आता गुरुजी येतील बघा." आयुष्यभर लोकांच्या पत्रिकांतले रफार नीट केलेल्या माणसालाच हे पटकन कळतं, असं मला मनापासून वाटतं.

मग तुम्ही चिठ्ठी केलीत. ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर 'ए'साठी १३२, 'ओ'साठी १४८, 'यू'साठी १२९. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत, हे लाल पेनानं. फोनवर अक्षर दाबून धरलं की पुरे, हे त्याखाली.

ती चिठ्ठी अजून कीबोर्डच्या कडेला चिकटवलेली आहे. १४८ ची शाई माझं बोट लागून लागून पुसट झालीय. रविवारी येते आणि नव्यानं लिहून देते.

तुमची,
रविवारची जर्मनवाली ताई