मुलीचा हात सरळ व्हावा म्हणून ऑपरेशन मागितलंय, ते 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारलंत त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

नमस्कार सर/मॅडम,

पॉलिसी नंबर आणि दोन्ही क्लेमचे नंबर ईमेलच्या विषयात टाकलेत. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीच्या उजव्या कोपराच्या ऑपरेशनची कॅशलेस मंजुरी (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरायचं ती) तुमच्याकडून नाकारली गेलीये आणि कारण म्हणून फक्त एक ओळ आलीये, 'कॉस्मेटिक स्वरूपाची शस्त्रक्रिया, पॉलिसीत समाविष्ट नाही'. त्याआधी तिच्या प्रेशर गारमेंटचं (व्रणावर घालायच्या घट्ट बाहीचं) आणि फिजिओथेरपीचं बिल पण ह्याच कारणाने कापलंत, त्यावर केलेल्या अपीलाचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन्हीचं मूळ एकच आहे म्हणून दोन्ही इथे एकत्र लिहितेय.

आधी झालं काय ते थोडक्यात. आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो. नोव्हेंबरातला गुरुवार होता, महावितरणच्या मेंटेनन्समुळे लाईट गेलेली म्हणून गीझर बंद, गॅसवर तापवलेलं पाणी बादलीत ओतलेलं आणि त्यात गार पाणी मिसळायच्या आत ते तिच्या हातावर आलं. दंडापासून मनगटापर्यंत, कोपराच्या आतल्या बाजूला सगळ्यात जास्त. शेजारच्या काकू रिटायर्ड नर्स आहेत, त्या धावत आल्या, कोणी टूथपेस्ट आणतंय कोणी बर्फ आणतंय त्या सगळ्यांना बाजूला केलं आणि तिचा हात नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरून ठेवला. ती किंचाळत होती तरी सोडला नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या वीस मिनिटांनी भाजणं खोल जायचं बरंच थांबलं, कारण लहान मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि त्याच पाण्याने ती जास्त खोल भाजतात. तरी कोपराच्या खाचेत खोल गेलंच होतं, तिथे मांडीची कातडी काढून ग्राफ्ट करावं लागलं.

त्या ॲडमिशनचं बिल तुम्ही कॅशलेसमध्ये व्यवस्थित दिलंत, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट त्या दिवसांत पैशाची चिंता करावी लागली नाही हे मी सगळ्यांना सांगितलंय. तक्रार त्याच्या पुढची आहे. डिस्चार्ज झाला म्हणजे उपचार संपले असं तुमच्या कंपनीने धरलेलं दिसतंय आणि भाजलेल्या मुलाच्या बाबतीत ते अजिबात खरं नाहीये, तिथून तर घरच्यांचं खरं काम सुरू होतं.

जखम भरली की व्रण यायला लागतो. तो जाड होतो, लाल होतो, खाजतो आणि आक्रसतो. मुरून मऊ पडायला वर्षभर, कधी कधी त्याहून जास्त लागतं आणि तोपर्यंत तो आतल्या आत ओढत राहतो, सांध्यावर असेल तर सांधाच ओढून धरतो. त्यात मूल वाढतंय. मागच्या वर्षीच्या फ्रॉकची बाही कशी यंदा हाताला तोकडी होते, तसंच आहे हे, हाड वाढतं पण व्रण त्या मानाने वाढत नाही. म्हणून ते प्रेशर गारमेंट. कातडीच्या रंगाची घट्ट बाही असते, मापावर शिवून घ्यायची, दिवसातले तेवीस तास घालायची, फक्त अंघोळ आणि मसाज एवढ्यापुरती काढायची. दोन लागतात कारण एक धुतली की दुसरी हातावर पाहिजे आणि मूल वाढलं की माप परत घ्यावं लागतं. उन्हाळ्यात पुण्यात दुपारी ती बाही घालून बसवायचं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल. रात्री खाज सुटते, ती झोपेत बाहीवरनं ओरबाडते, मग मी उठून मॉइश्चरायझर चोळत बसते.

ह्या दोन बाह्यांना तुमच्या पत्रात 'सौंदर्यविषयक साहित्य' म्हटलंय. त्या लिहून देणारे प्लास्टिक सर्जन आहेत, प्रिस्क्रिप्शन आहे आणि बिल डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांच्या आतलं आहे. तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च साठ दिवसांपर्यंत मिळतो, त्यामुळे मी साठ दिवसांनंतरच्या फिजिओचा एक रुपयाही मागत नाहीये, तो आम्ही खिशातून भरतोय. हात सरळ राहावा म्हणून रात्री बांधायच्या स्प्लिंटचे पैसे कापलेत ते पण मान्य, तो न देण्याच्या यादीत आहे हे मी स्वतः वाचलंय. पण बाह्या आणि साठ दिवसांच्या आतली फिजिओथेरपी कुठल्या कलमाखाली कापलीत हे तुमच्या पत्रात लिहिलेलंच नाहीये.

फिजिओथेरपीबद्दल तुमच्या टीपीएच्या (तुमच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या एजन्सीच्या) डॉक्टरांनी मला फोनवर विचारलं की मॅडम जखम तर भरलीये, मुलगी चालतीये फिरतीये, मग थेरपी कशासाठी? म्हणून ती नेमकी काय आहे ते लिहिते. आमच्या फिजिओ ताईंनी क्लिनिकच्या भिंतीवर एक सुतळी उभी टांगलीये, तिला वीतभर अंतरावर गाठी मारल्यात. मुलीने कपड्यांचे चिमटे घेऊन उजव्या हाताने एकेका गाठीला लावत वर जायचं. खांदा हलवून किंवा टाचा उंचावून वर पोचायला बघते, मग ताई तिचा खांदा हळूच धरून ठेवतात म्हणजे काम कोपरालाच करावं लागतं. रडते, चिमटा फेकून देते, परत उचलते. लहान मुलाला 'हात सरळ कर' म्हणून सांगून तो सरळ होत नाही कारण तिथे दुखतं, तिला खेळातूनच तो करायला लावावा लागतो आणि ते शिकलेल्या माणसाचंच काम आहे. सुरुवातीला गाठी वर वर चढत होत्या, फेब्रुवारीत ती वरून दुसऱ्या गाठीपर्यंत पोचायची. मार्चपासून खाली यायला लागली. आम्ही काही बंद केलेलं नव्हतं, बाही चालू, मसाज चालू, थेरपी चालू, पण व्रणाची दोरीसारखी पट्टी कोपराच्या आत तयार झाली आणि ती ओढायला लागली. फेब्रुवारीच्या रिपोर्टवर कोपर सरळ व्हायला पंधरा अंश कमी पडत होते, एप्रिलच्या रिपोर्टवर चाळीस अंश. दोन्ही रिपोर्ट तुमच्याकडे प्री-ऑथच्या, म्हणजे ऑपरेशनआधी मंजुरी मागितली त्या वेळीच दिलेत, कोणी उघडून बघितले असते तर कॉस्मेटिक हा शब्द कोणाच्या हातून लिहिला गेला नसता असं मला मनापासून वाटतं.

चाळीस अंश म्हणजे काय तर तिला उजव्या हाताने घास तोंडात घालता येतो पण समोरचा पेला उचलायला पूर्ण अंग पुढे झुकवावं लागतं. फ्रॉकच्या बाहीत हात घालायला मी लागते. घसरगुंडीवर वर चढताना दांडा धरता येत नाही. आणि सगळ्यात भीती वाटते ती पडण्याची, मूल पडताना हात पुढे टाकून सावरतं, हिचा हात पुढे जातच नाही, मागच्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडली ती थेट हनुवटीवर.

सर्जनचं म्हणणं त्यांच्या पत्रात स्पष्ट आहे. एरवी व्रण मुरून मऊ पडेपर्यंत थांबतात, पण सांधा अडकायला लागला तर थांबत नाहीत, कारण फार काळ वाकलेला राहिला तर आतल्या शिरा, स्नायू, सांध्याचं आवरण सगळंच आखडतं आणि मग नुसती कातडी सोडवून भागत नाही. ती पट्टी सोडवायची, लागेल तिथे परत ग्राफ्ट घालायचं, नंतर पुन्हा स्प्लिंट, बाही, थेरपी. मे महिन्याच्या सुट्टीत करून घ्या म्हणालेत म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत ती सावरेल. तिचा व्रण कसा दिसतो ह्याबद्दल ना सर्जननी काही लिहिलंय ना आम्ही काही मागितलंय.

आता नियम. तुमच्याच पॉलिसीच्या पुस्तिकेत वगळलेल्या गोष्टींमध्ये कोड एक्स्क्ल ०८ आहे, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी. २०१९ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, अशी कलमं सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली, त्यातलंच हे. त्या कलमात पुढे लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर ह्यानंतरच्या पुनर्रचनेसाठी केलेली सर्जरी ह्यात धरायची नाही. म्हणजे ज्या कलमाच्या आधाराने नाकारलंत त्या कलमातच भाजलेल्यांना वगळू नका असं छापलेलं आहे. मी अकाउंट्सचं काम करते, कायद्यातलं मला फार कळत नाही, पण हे वाक्य समजायला वकील लागत नाही. नाकारणाऱ्याने पूर्ण वाचलं नाही की मुलगी भाजली होती हेच बघितलं नाही, काय ते मला लेखी कळवा.

दुसरं, आयआरडीएआयचं २९ मे २०२४ चं आरोग्य विम्याचं मास्टर सर्क्युलर आहे. त्यात कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायला सांगितलाय, क्लेम नाकारायचा तर क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि नाकारल्यावर पॉलिसीतली नेमकी अट दाखवून सविस्तर कळवायचं असतं. आम्हाला एका तासात तर सोडाच, आधी क्वेरी आली, मग त्याच कागदांची परत क्वेरी आली जे हॉस्पिटलने आधीच पाठवलेले आणि मग ती एक ओळ. तिच्या खाली ना कलमाचा नंबर, ना कमिटीचा उल्लेख. ॲडमिशनच्या आदल्या संध्याकाळी ते आलं. बॅग भरलेली होती, नवऱ्याने चाकणच्या कंपनीतून रजा टाकलेली, माझी सासू साताऱ्याहून आलेली मोठ्या मुलाला सांभाळायला. ऑपरेशन पुढे ढकललं.

ह्या ढकलण्याचं एक वेगळं नुकसान आहे जे कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही म्हणून लिहिते. पहिल्या वेळच्या ड्रेसिंगनंतर ती हिरवा गाऊन दिसला तरी थरथरायची, बाथरूममध्ये तर यायचीच नाही, आम्ही तिला गॅलरीत टबात अंघोळ घालायचो. हॉस्पिटलमधल्या समुपदेशक मॅडमनी सांगितलं की तिला आधी खरं सांगा, काय होणार, कुठे दुखेल, आई कुठपर्यंत बरोबर असेल, खोटं 'काही दुखणार नाही' म्हणू नका. तसं करत करत ती तयार झाली. बालवाडीतल्या बाईंनी वर्गातल्या मुलांना बाही दाखवून समजावलं, त्यामुळे कोणी चिडवलं नाही, उलट डबा उघडून द्यायला दोघी तिघी पुढे असतात. मोठा मुलगा नऊ वर्षांचा, त्या दिवशी घरात होता, तो अजून कुठलीही बादली भरलेली दिसली की ओतून टाकतो, त्याच्याशी पण मॅडम बोलतात. इतक्या माणसांनी मिळून त्या पोरीला परत हॉस्पिटलच्या दारात जायला राजी केलं होतं आणि मग आम्हाला तिला सांगावं लागलं की उद्या जायचं नाहीये. आता परत पहिल्यापासून समजवायचंय. घर सावरतं ते ह्या माणसांमुळे, आणि त्यांना वेळेवर काम करता यावं एवढंच विम्याकडून हवं असतं.

तुमच्या कॉल सेंटरवरच्या मुलामुलींशी मला भांडायचं नाहीये, ते त्यांच्या स्क्रीनवर दिसतं तेवढंच सांगतात, नीट बोलतात. पण प्रत्येक जण 'बॅकएंड टीमला फॉरवर्ड केलंय' म्हणतो आणि ती टीम कधी बोलत नाही. म्हणून विनंती अशी की भाजलेल्या किंवा अपघात झालेल्या मुलाचा क्लेम नाकारायच्या आधी तुमच्याकडच्या एखाद्या प्लास्टिक सर्जनने किंवा बालरोगतज्ज्ञाने आमच्या सर्जनशी फोनवर बोलावं. नंबर प्री-ऑथ फॉर्मवर आहेच. आमच्याबाबतीत तसा एक फोन झाला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मला हवंय ते असं. ऑपरेशनची मंजुरी फेरविचार करून तातडीने द्या, सर्जननी मे महिन्यातल्या शेवटच्या आठवड्याची तारीख धरून ठेवलीये आणि ती गेली तर पुढची जुलैतली आहे. प्रेशर गारमेंट आणि साठ दिवसांच्या आतल्या फिजिओथेरपीची कापलेली रक्कम, २६,४०० रुपये, खात्यात जमा करा. आणि ह्यातलं काही द्यायचं नसेल तर कुठलं कलम, कमिटीने कधी मंजुरी दिली, हे लेखी द्या, फोनवर नको.

आयआरडीएआयच्या बीमा भरोसा ह्या तक्रार पोर्टलवर मी आजच तक्रार नोंदवतेय. तुमच्याकडून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जाणार, त्यांचं ऑफिस इथेच नारायण पेठेत आहे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. पण मला खरंच तिथपर्यंत जायचं नाहीये, कारण मी नारायण पेठेत कागद देत फिरत असताना तिचा हात आणखी वाकत असणार आहे.

सोबत डिस्चार्ज समरी, सर्जनचं पत्र, फेब्रुवारी आणि एप्रिलचे कोपराच्या मापाचे रिपोर्ट, गारमेंटचं प्रिस्क्रिप्शन आणि बिलं, नाकारल्याचं तुमचं पत्र आणि पॉलिसीतलं एक्स्क्ल ०८ चं पान जोडलंय, त्या पानावर भाजण्याचा उल्लेख आहे तिथे पेनाने खूण केलीये. संध्याकाळी सहानंतर कधीही फोन करा, त्याआधी मी तिला घेऊन थेरपीला असते.

आपली,
पॉलिसीधारक (मुलीची आई)
वडगाव बुद्रुक, पुणे