बांगड्यांचं माप

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझ्या गाठीबद्दल तू दोनदा विचारलंस, "आई, पण हे झालं कशामुळे?" आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. तुझ्या आवाजावरून कळत होतं, तुला खरं तर विचारायचं होतं की हे तुलाही होईल का. बोलताना गडबडले असते, म्हणून लिहायला बसले.

गेल्या श्रावणात बांगड्या भरायला गेले, तर दोन-सहाच्याही मुठीवरून जाईनात. तुझ्या मुंजीपासून कासाराकडे माझं माप दोन-चार. त्याने हाताला साबण लावून पाहिला, शेवटी दोन-आठच्या काढल्या आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही जाड नाही झालात, हात वाढलाय." त्याचं बरोबर होतं रे. चपलेचा नंबर पाचाचा सात झालेला, जोडवी कापून काढावी लागलेली, रात्री घोरणं इतकं की बाबा बाहेरच्या खोलीत झोपायचे. सगळं मी वयावर ढकललं. पुढे दातांत फटी पडल्या म्हणून डेंटिस्टकडे गेले. त्यांनी माझा जुना फोटो मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि पुण्याला पाठवलं.

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण थायरॉइड, पाळी, अंगावरचं दूध, शरीराची वाढ, सगळ्याला हुकूम तिथून सुटतो. माझ्या त्या ग्रंथीत १८ मिलिमीटरची गाठ निघाली, आणि ती वाढीचं हार्मोन भरमसाट सोडत होती. लहान वयात असं झालं तर उंचीच वाढत जाते. माझ्या हाडांची लांबी वाढायची थांबलेली, म्हणून हात, पाय आणि जबडा रुंदावले. ग्रंथीच्या वरच डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ तिथे टेकली, म्हणून मला बाजूचं कमी दिसायचं आणि चौकटीला खांदा आपटायचा.

ट्युमर म्हटल्यावर आत्या रडायलाच लागली. पण हा कॅन्सर नाही. पियुषिकेच्या जवळपास सगळ्या गाठी साध्या असतात, अंगभर पसरत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय केलेल्या कितीतरी लोकांत बारीकशी गाठ सापडते आणि तिला हातही लावावा लागत नाही.

आता कारण. एका पेशीच्या जीनमध्ये बिघाड होतो आणि ती थांबायचं विसरते. तिच्यापासूनच सगळी गाठ बनते. माझ्यासारख्या गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांत जीएनएएस नावाच्या जीनमध्ये हा बिघाड सापडतो: वाढीचं बटण चालू होतं ते बंदच होत नाही. पण हा बिघाड त्या गाठीतच असतो, रक्तातून मुलांकडे जात नाही. माझे उपास, तुझ्या बारावीचं टेन्शन, मोबाईल, यांतलं काही कारण असल्याचा पुरावा नाही. तुझ्या परीक्षेच्या काळजीने आई आजारी पडली, असं तुला कुणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाक.

घराण्यातून येणाऱ्याही काही गाठी असतात, थोड्या. आयर्लंडचा चार्ल्स बर्न, अशाच गाठीमुळे अफाट उंच झालेला आणि 'आयरिश जायंट' म्हणून गाजलेला, १७८३ मध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी लंडनमध्ये गेला. आपला देह समुद्रात सोडावा अशी त्याची इच्छा होती, पण एका शल्यविशारदाने तो मिळवला आणि सांगाडा संग्रहालयात ठेवला. मला त्याचं फार वाईट वाटतं. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएत एआयपी नावाच्या जीनमधला दोष सापडला, आणि तोच दोष उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांतही निघाला. म्हणून डॉक्टरांनी मला खोदून खोदून विचारलं: माहेरी कुणी अचानक उंच झालं होतं का, मुतखड्याचा त्रास कुणाला, रक्तात कॅल्शियम किती (घराण्यातून येणाऱ्या एका प्रकारात कॅल्शियमही वाढतं). माझं कॅल्शियम बरोबर आहे, घरात कुणाला असं काही नाही, आणि मला हे पन्नाशीत झालं. त्यामुळे तुझी जीनची तपासणी आत्ता नको म्हणाले. तरी अंगठी किंवा बूट कारण नसताना घट्ट व्हायला लागले, तर माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नकोस.

ऑपरेशन नाकातून दुर्बिणीने झालं, डोक्यावर टाका नाही. बोटांची सूज उतरतेय. लग्नातली अंगठी कालपासून करंगळीत जाते, शेजारच्या बोटात अजून अडते. हाडं वाढली ती मात्र तशीच राहणार. पुढच्या महिन्यात आयजीएफ-१ साठी, म्हणजे वाढीचं हार्मोन आटोक्यात आलं का ते पाहायला, रक्त द्यायला पुण्याला जायचंय. तुला सुट्टी मिळाली तर स्टेशनवर भेट, बाबांना ते जिने झेपत नाहीत.

तुझी,
आई